दाराला कंबर लावू नये

३ फेब्रुवारी

चि. टिचकी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी कामाचं बोलू.

प्रशिक्षणातून तुझी उड्डाणासाठी निवड झाल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. ती इतकी हुंदके देत होती की मला वाटलं, नात्यातलं कुणीतरी गेलं. मग कळलं की जाणारी तू आहेस, आणि तीही चांगली अंतराळात जाणार आहेस. अभिनंदन. तुझी आई म्हणाली, "दादा, तू तरी तिला समजाव." तर समजावतो.

मी एकतीस वर्षं लिफ्ट तपासल्या. माणसाला पेटीत घालून वर न्यायचं आणि धड खाली आणायचं, हा धंदा मला कळतो. तुझं अंतर जरा जास्त आहे, एवढाच काय तो फरक. म्हणून मी ग्रंथालयात जाऊन अंतराळातल्या अपघातांवरची सात पुस्तकं आणली. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कोण जातंय?" म्हटलं, "भाची." तर त्यांनी आठवं पुस्तक आपणहून काढून दिलं आणि म्हणाल्या, परत करायची घाई नाही.

आठही वाचली. टिचकी, एका अपघातात तर यान जमिनीवरच होतं गं! नुसती तालीम चालली होती. टाकीत इंधनसुद्धा नव्हतं, म्हणून ती तालीम धोक्याच्या यादीतच नव्हती. आत निव्वळ ऑक्सिजन भरलेला, कुठेतरी ठिणगी पडली. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, आत दाब वाढला आणि ते उघडेचना. तिघं गेले. दुसऱ्या एका यानात परत येताना एक व्हॉल्व्ह नको तेव्हा उघडला आणि आतली हवा निघून गेली. अंतराळाचे पोशाख घालून तिघं बसतील एवढी जागा नव्हती, म्हणून पोशाखच नव्हते. यान बिचारं व्यवस्थित खाली आलं. लोकांनी दार उघडलं तर तिघं आपापल्या जागी होते. आणखी एकाचं पॅराशूट उघडलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

तर पुढील माहिती लेखी कळवणे. तुमचं दार कुठल्या बाजूला उघडतं? आत हवा कसली भरतात? पोशाख घालून बसता की नुसतेच? व्हॉल्व्ह किती, आणि त्यांच्याकडे बघणारा माणूस कोण, तो लग्नाळू आहे का? (हा शेवटचा प्रश्न तुझ्या आईचा आहे.)

फोन करू नकोस. फोनवर तू "हं, हं" करतेस आणि नंतर म्हणतेस, असं मी म्हणालेच नव्हते. लिहिलेलं नाकारता येत नाही.

हे पत्र मध्येच सोडून आंघोळीला गेलो होतो. न्हाणीघराची कडी अडकली, खांदा लावून बाहेर आलो, ते नेहमीचंच आहे. त्यात वीस मिनिटं गेली आणि टपालाची वेळ चुकली, म्हणून पत्र एक दिवस उशिरा निघेल.

आशीर्वाद.
तुझा मामा

१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र इथल्या कचेरीने उघडून वाचलं. इकडे येणारं सगळंच उघडतात. त्यामुळे आता आमच्या व्हॉल्व्हकडे बघणाऱ्या माणसाला कळलंय की माझ्या आईला त्याच्या लग्नाची काळजी आहे. काल जेवताना तो माझ्यापासून चार खुर्च्या लांब बसला. आईला सांग, त्याला दोन मुलं आहेत.

आता तुझी उत्तरं. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. हवा साधी, तू घेतोस तशी. पोशाख घालूनच बसतो, आणि त्यात पाठीला खाज सुटली तर परतेपर्यंत सुटलेलीच राहते. व्हॉल्व्ह किती ते मला पाठ आहे, पण ते लिहिलं तर कचेरी ती ओळ काळी करेल.

आम्ही तिघं जाणार आहोत. एक कप्तान, त्यांना स्वतःच्या मिशांचा फार अभिमान आहे. एक डॉक्टर, ती कुणाशीही बोलताना आधी जीभ बघते. आणि मी. शिवाय माझ्या जागी राखीव म्हणून एक जण ठेवलाय. मला साधी शिंक आली तरी तो हेल्मेट घेऊन उभा असतो, म्हणून त्याचं नाव आम्ही 'हजर' ठेवलंय. या सगळ्यांवर हेडबाई. म्हणजे प्रशिक्षणाच्या प्रमुख, पण त्या वऱ्हांड्यातून चालल्या की कप्तानसुद्धा पोट आत घेतात.

आणि मामा, तुला आवडेल अशी एक गंमत. आमचं सरावाचं यान जुनं आहे. त्याचं दार ओढून मूठ फिरवली की शेवटचं बोटभर अंतर काही केल्या बसत नाही. मग काय करायचं? मूठ धरायची, अर्धं वळायचं आणि कमरेने दाराच्या कडेवर एक आडवा ठुमका द्यायचा, की दार खाचेत सरकतं. खट्! बसलं दार. इथे सगळे तसंच करतात. सरावाच्या वेळापत्रकात ठुमक्याला तीन सेकंद धरलेली आहेत. नव्या माणसाला दोन ठुमके लागले तर त्याने आठवडाभर सगळ्यांचे मोजे धुवायचे. मला पहिल्याच दिवशी एकात जमलं. कप्तानांना अजून कधीकधी दोन लागतात, पण त्यांना मोजे धुवायला सांगणार कोण?

तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. ते अपघात जुन्या काळातले. तेव्हा लोकांना माहीत नव्हतं, आता माहीत आहे.

तुझी टिचकी

१७ फेब्रुवारी

चि. टिचकी,

संदर्भ: तुझं बारा तारखेचं पत्र. विषय: ठुमका.

मला गंमत अजिबात आवडली नाही. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि तळमजल्यालाही वाचून दाखवलं.

तळमजला तुला आठवत असेल. माझ्याकडे शनिवारी कॅरम खेळायला येतो तो लंगडा लिफ्टमन. लहानपणी तुला लिफ्टमध्ये स्टुलावर बसवून दिवसभर खालीवर फिरवायचा आणि उतरताना "तळमजलाऽऽ" असा ओरडायचा की तू कानात बोटं घालायचीस. तो म्हणाला, "साहेब, कमरेने दार लावतात? आमच्या वेळेला कंबर दाराला लागली तर तुम्ही लिफ्ट बंद करायचात." खरंच करायचो.

तू म्हणतेस, तेव्हा लोकांना माहीत नव्हतं. चूक! मी आठ पुस्तकं वाचली आहेत, तू नुसती अंतराळात जाते आहेस. एका अपघातात इंधनाच्या रॉकेटच्या सांध्यात रबराची रिंग होती, आपल्या कुकरला असते तशी, फक्त मोठी. गारठ्याची सकाळ, रबर कडक झालं, त्यातून आग निघाली आणि सात जण गेले. आदल्याच दिवशी तिथले काही इंजिनियर सांगत होते की एवढ्या थंडीत उडवू नका. आणि त्या रिंगा आधीच्या उड्डाणांतही जळालेल्या सापडल्या होत्या, पण यान सुखरूप परत आलं होतं ना, मग चालतंय. पुढे कित्येक वर्षांनी आणखी सात जण गेले. टाकीवरचा फोमचा तुकडा उडून पंखाला लागला, पंखाला भोक पडलं. फोम तर आधीही पडायचा. पडतोच, म्हणायचे.

टिचकी, नोकरीत असताना माझ्याकडे एक वही होती. लिफ्ट तपासताना कुणीही, लिफ्टमन, मालक, चौकीदार, "नेहमीचंच आहे साहेब" असं म्हणाला की मी ते वहीत लिहायचो आणि लिफ्ट जागच्या जागी बंद करायचो. यंत्र न बघता. एका नऊ मजली इस्पितळात मी अशी लिफ्ट बंद केली तेव्हा सगळे सर्जन जिना चढत मला शिव्या घालत होते. खाली उघडून बघितलं तर दोराचे निम्मे पदर तुटलेले.

तेव्हा ठुमक्याचं काहीतरी कर. कंबर ही वस्तू दारं लावण्यासाठी नाही.

आशीर्वाद.
मामा

ता. क. तुझी आई विचारते, हजर लग्नाळू आहे का.

१० मार्च

प्रिय मामा,

हे पत्र कचेरीतून जाणार नाही. आमची स्वयंपाकीणबाई आज सुट्टीवर गावात चालली आहे, तिच्या हाती पेटीत टाकते आहे. तूही कुणाला वाचून दाखवू नकोस. तळमजल्यालासुद्धा नाही. उत्तर पाकिटावर लिहिलेल्या तिच्या घरच्या पत्त्यावर पाठव.

परवा आम्हाला पहिल्यांदा खऱ्या यानात बसवलं. मामा, काय सुंदर आहे रे ते! नव्या गाडीचा येतो तसा वास. मी शेवटी आत आले, म्हणून दार माझ्याकडे. ओढलं. मूठ फिरवली. मूठ लोण्यासारखी फिरत होती, म्हणजे दार आपसूक बसत होतं. आणि मी...

मी ठुमका दिला. कशाला दिला, देवाला ठाऊक. माझ्या डोक्याने सांगितलंच नाही, कमरेने परस्पर दिला. सहा महिन्यांत हजारदा केलेलं, हात मुठीवर गेला की कंबर वळते.

हिरवा दिवा लागला. हवा गळते का ते तपासलं, तर आकडा मर्यादेत. जरा जास्त, पण मर्यादेत. नंतर दार उघडलं तेव्हा माझं लक्ष गेलं, दाराभोवती जी रबराची रिंग आहे तिला एका जागी वळी पडली होती. चिमटा काढल्यासारखी. मी अंगठ्याने दाबली तर ती सपाट झाली. कुणी पाहिलं नाही.

उड्डाण अकरा दिवसांवर आहे. मी सांगितलं तर रिंग काढणार, उड्डाण पुढे जाणार, आणि दाराला कंबर मारणारी म्हणून मला काढून हजरला बसवणार. तो आज सकाळीही हेल्मेट पुसत होता. मी बारा वर्षांची असल्यापासून या एका गोष्टीसाठी राबते आहे, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? गणिताच्या शिकवणीला तूच सायकलवर सोडायचास. आता रिंग सपाट आहे. तपासणी पास आहे. मग सांगायचं तरी काय?

तू सांग, काही होणार नाही. तेवढंच लिही.

टिचकी

१३ मार्च

टिचकी,

तसं मी लिहिणार नाही.

आजच्या आज हेडबाईंकडे जा आणि लेखी दे. काय केलंस, कधी केलंस, वळी कुठे होती, अंगठा कुठे लावलास. तोंडी सांगू नकोस, लेखी. पोच घे.

मामा

१६ मार्च

मामा,

मला वाटलंच होतं. तुला मी जायलाच नकोय. आईने तुला "समजाव" म्हटलं, तेव्हापासून तू आठ पुस्तकं घेऊन माझ्या मागे लागला आहेस. आता आयतं कोलीत मिळालं! मी घरी बसले की तुम्ही दोघं बहीणभाऊ सुटलात एकदाचे.

आणि नेहमीचंच, नेहमीचंच म्हणून मला शिकवतोस, तुझ्या न्हाणीघराची कडी गेली नऊ वर्षं अडकते आहे. मी शाळेत असताना त्यात अर्धा तास अडकले होते. ती तुझ्या वहीत कुठल्या पानावर आहे? आधी स्वतःचं दार बघ.

अजून कुणाला सांगितलेलं नाही. पाच दिवस राहिले आहेत.

टि.

१९ मार्च

चि. टिचकी,

हे पत्र मी खास माणसाबरोबर पाठवतो आहे. माणूस म्हणजे तळमजला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा नऊ तास बसमधून प्रवास केला असेल, त्याला आधी चहा दे.

तू जायला मला नको आहे, हे खरं आहे. लपवत नाही. तुझी निवड झाल्यापासून मला धड झोप नाही. देवाने मला एकच भाची दिली, आणि ती अशी निघाली. पण मी तुला रोखायला लिहिलेलं नाही. आता जे सांगतो ते मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

तुला वाटतं तळमजला सायकलवरून पडून लंगडा झाला. तसं आम्हीच सगळ्यांना सांगत आलो. मी नोकरीत नवा होतो. त्याच्या लिफ्टच्या तपासणीला गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि मला भूक लागली होती. ब्रेक लागताना खरखर ऐकू आली. मी विचारलं, "हा कसला आवाज?" तो म्हणाला, "नेहमीचंच आहे साहेब." मी सही केली आणि डबा खायला गेलो. तिसऱ्या दिवशी लिफ्ट दीड मजला खाली आदळली. आत तो एकटाच होता. पायाचे तीन तुकडे झाले.

मी इस्पितळात त्याच्यासमोर उभा राहिलो. तर तोच मला म्हणाला, "साहेब, बसा, उभे का?" त्या दिवशी मी वही विकत घेतली. आणि दर शनिवारी तो कॅरम खेळायला येतो, मला हरवतो, आणि त्या गोष्टीचं नाव काढत नाही. तीस वर्षं झाली. मला वाटतं, एकदा तरी त्याने शिवी घालायला हवी होती.

टिचकी, माझी सहीसुद्धा मर्यादेतच होती. मी तुला घाबरवत नाही. तू गेलीस तर मी बोटं मोडत बसेन, पण तू जा. फक्त ती वळी अंगठ्याखाली दाबून जाऊ नकोस.

कडीबद्दल: घर अंतराळात नाही. विषय बदलू नकोस.

तुझा मामा

८ एप्रिल

प्रिय मामा,

तळमजलाकाकांनी चहा घेतला नाही. कचेरीच्या दारात पत्र माझ्या हातात ठेवलं, मी वाचेपर्यंत काठी टेकून उभे राहिले आणि मग म्हणाले, "पोरी, साहेबांना सांगू नकोस, पण तो आवाज मला पंधरा दिवस येत होता. मीच कुणाला बोललो नव्हतो." मी सांगते आहे, कारण तुला तीस वर्षांनी का होईना हे कळायला हवं. मग मी तिथूनच हेडबाईंच्या खोलीत गेले. ते बाहेर बाकावर बसून राहिले.

हेडबाईंनी माझा कागद दोनदा वाचला. फिटरना बोलावून रिंग काढायला लावली. वरून सपाट होती, अगदी छान. उलटी केली तर खालच्या बाजूला नखाएवढी चीर.

मामा, मी जमिनीवर बसले.

उड्डाण पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सभागृहात बसवलं. मला वाटलं, आता हजरला माझी खुर्ची देणार. तो पहिल्याच रांगेत होता, हेल्मेट मांडीवर. हेडबाईंनी दिवे घालवले आणि खऱ्या यानाच्या दारावर जो कॅमेरा असतो त्याचं चित्रण लावलं. आधी मी. ओढलं, फिरवलं, ठुमका. सगळे हसले. मग त्यानंतरच्या एका सरावातले कप्तान. ठुमका. मिशीसकट. मग डॉक्टर. मग फिटर, तो तर दोन्ही बाजूंनी. मग हजर! त्याने कुणी बघत नाहीसं पाहून गुपचूप आत जाऊन सराव केला होता, आणि त्याला तीन ठुमके लागले होते. एकामागून एक सतरा माणसं, मामा. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सर्वांत शेवटी पाहणीला आलेल्या खुद्द हेडबाई. साडी सावरली, मूठ धरली, इकडेतिकडे पाहिलं आणि दिला.

तेव्हा मात्र सभागृहात कुणी हसलं नाही. हेडबाईच म्हणाल्या, "हसा. मी काल एकटीने पाहिलं तेव्हा मला हसू आलं नाही, म्हणून तुम्हाला दाखवलं." मग म्हणाल्या, "काढायचं तर सतरा जणांना काढावं लागेल, माझ्यासकट. सतरांपैकी कागद एकीनेच दिला. ती जाईल."

आता शिक्षा ऐक. सरावाच्या यानाचं दार दुरुस्त झालं. त्याला दुरुस्तीला किती वेळ लागला असेल? चाळीस मिनिटं! एक बिजागरी झिजली होती. पण आमच्या कमरा कशा दुरुस्त करणार? म्हणून दाराला हात लावणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला एक घंटी बांधली आहे. दार लावताना घंटी वाजली की पुन्हा पहिल्यापासून. सलग दोनशे वेळा न वाजता दार लावायचं. मी एकशे नव्वदवर असताना शिंकले. कप्तानांचे दोनशे एका दिवसात झाले, तेव्हा हेडबाईंना संशय आला. कप्तानांनी घंटीत कापूस कोंबला होता. आता ते सगळ्यांचे मोजे धुतात. दारावर पाटी लागली आहे, 'दाराला कंबर लावू नये.' बाहेरून आलेल्यांना तिचा अर्थच लागत नाही.

उड्डाण चार मे, सकाळी दहा. टीव्हीवर दाखवतील. मी तुझ्यावर चिडले होते, ते मागे घेते. कडीचं मात्र मागे घेत नाही.

तुझी टिचकी

४ मे

चि. टिचकी,

सकाळचे सव्वानऊ. हे मी वहीत पेन्सिलीने लिहितो आहे. बसायला बादली आहे. प्रकाश झरोक्यातून येतो.

होय. कडी.

तुझं उड्डाण बघायचं म्हणून आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालणार होतो. शर्ट इथे खुंटीवर आहे, त्याच्या खिशात वही होती, एवढं नशीब. आतापर्यंत चार वेळा खांदा, दोन लाथा आणि एक तांब्या मारून झाला. तांब्याला पोचा आला. बाहेर टीव्ही लावून ठेवला आहे, त्यात बाई सांगते आहे की तुम्ही यानाकडे निघालात. माझी रिकामी खुर्ची तेवढी ते बघते आहे.

९.४०. तळमजला आला. जिन्याकडचं दार मीच आतून लावलेलं. "साहेब, कुठे आहात?" म्हटलं, "न्हाणीघरात!" तर म्हणतो, "मग सावकाश करा, मी थांबतो." त्याला समजावण्यात पाच मिनिटं गेली. समोरच्या बाईंनी कुलुपवाल्याला फोन केला. तो म्हणाला, उड्डाण बघून निघतो.

९.५२. न्हाणीघराचा झरोका जिन्यावर उघडतो. तळमजला त्याच्याखाली पायरीवर बसला आहे. समोरच्या बाईंनी त्यांचा टीव्ही दाराकडे वळवला आहे, तो बघून मला सांगणार. तुला सांगितलेलं मला कळलं का, ते त्याने कधी विचारलं नाही आणि मीही त्याला काही बोललो नाही. आता झरोक्यातून म्हटलं, "काय रे, पंधरा दिवस?" काठी पायरीवर आपटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "आणि तुमची कडी नऊ वर्षं. गाढव आहात साहेब." तीस वर्षांनी घातली एकदाची शिवी. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

९.५७. "साहेब, पोरीने दार लावलं. दाखवलं आत्ता." मी विचारलं, कमरेने? "नाही साहेब. नुसत्या हाताने. सरळ उभी होती."

१०.००. टिचकी, मला काही दिसत नाही. नुसता आवाज. तळमजला ओरडतो आहे. "निघाली! पहिला मजला! दुसरा! दहावा!" तो आता रडतो आहे, मला मजले नीट कळत नाहीत. "ढगांवर गेली साहेब! गच्ची! गच्चीऽऽ!" जन्मभर तळमजला ओरडलेला माणूस.

मी बादलीवर बसून रडतो आहे. लेखी देतो, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही. आठवतंय, सायकलच्या दांडीवर बसायचीस आणि म्हणायचीस, मामा जोरात, आणखी जोरात.

वहीच्या या पानावर वर लिहिलं आहे: न्हाणीघराची कडी. नेहमीचंच. नोंदवणार: मी स्वतः. घर बंद.

धड खाली ये. बाकी काही नको.

मामा

१९ मे

प्रिय मामा,

तुझं बादलीवरचं पत्र मला इस्पितळाच्या पलंगावर मिळालं. आम्हाला अजून नीट चालता येत नाही, भिंत धरून चालतो. कप्तान परवा मिशांना कंगवा करायला गेले आणि पडले. मी पत्र वाचून एवढी हसले की डॉक्टरने येऊन माझी जीभ बघितली.

वरचं सगळं भेटल्यावर सांगेन. आत्ता फक्त दाराचं सांगते.

आम्ही उतरलो तेव्हा मोठा दणका बसला आणि मग एकदम शांत. तिघंही पाठीवर उताणे, हात उचलवत नव्हते. बाहेर माणसं धावत आल्याचं ऐकू येत होतं. दार आता त्यांनी बाहेरून उघडायचं. मामा, तेव्हा मला तुझी आठही पुस्तकं आठवली. ज्यांचं यान व्यवस्थित उतरलं होतं ते तिघंही असेच आपापल्या जागी होते. मी यानाच्या आतल्या हवेचा आकडा बघत होते आणि श्वास मोजत होते. आकडा हलला नव्हता. नऊ दिवस तो कणभरही हलला नाही. नवी रिंग, रे. मला ती चीर सारखी दिसत होती.

मग मूठ फिरल्याचा आवाज आला. आणि मी वाट बघत राहिले, की आता बाहेरचा माणूस कंबर मारेल. सवय कुणाला कुठून लागली असेल, काय सांगावं? काही आलं नाही. दार सावकाश बाजूला झालं, ऊन आत आलं, आणि एक मोठा दांडगा फिटर आत वाकून म्हणाला, "या बाहेर."

त्याच्या कमरेला घंटी होती. हेडबाईंनी तिथेही पाठवून दिल्या होत्या. ती वाजली नव्हती.

माझा हात जड झाला होता, तरी मी तो कसाबसा उचलला, त्याची घंटी धरली आणि बोट घालून बघितलं, आत कापूस आहे का.

नव्हता. तेव्हा मी जी रडायला लागले ती मला स्ट्रेचरवर ठेवेपर्यंत रडतच होते. फिटर बिचारा घाबरून सगळ्यांना सांगत होता, मी काही केलं नाही, मी काही केलं नाही.

ती घंटी मी मागून घेतली आहे. रविवारी येते. नवी कडी तळमजलाकाकांना बसवू दे, तू नुसता बाजूला उभा राहा.

तुझी टिचकी